श्वासाचें माप आणि परका तक्ता

छातीच्या तपासणीसाठीं डॉक्टर माणसाला एका नळींत फुंकावयास सांगतात. छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि एका दमांत, ती रिकामी होईपर्यंत, सोडावयाचा. यंत्र सांगतें, तीन लिटर. परंतु हे तीन लिटर पुरेसे कीं अपुरे, हें यंत्राला ठाऊक नसतें. त्यासाठीं निरोगी माणसांच्या मापांचा तक्ता लागतो; आणि तो तक्ता कोणाचा, ह्या प्रश्नावर मला आज बोलावयाचें आहे.

जॉन हचिन्सन ह्या इंग्रज वैद्यानें १८४६ सालीं हें यंत्र प्रसिद्धीस आणलें. दोन हजारांहून अधिक माणसांना त्यानें फुंकावयास लावलें व फुफ्फुसांची धारणाशक्ति उंचीप्रमाणें वाढते, असा नियम काढला. येथवर शास्त्र सरळ मार्गानें चाललें होतें. पांचच वर्षांनीं, १८५१ सालीं, अमेरिकेंतील लुइझियानाचे सॅम्युएल कार्टराइट नांवाचे डॉक्टर पुढें सरसावले. कृष्णवर्णीयांची श्वासशक्ति गोऱ्यांपेक्षां सुमारें २० टक्के कमी असते, असें सांगून त्यांनीं गुलामगिरीचें समर्थन केलें! नंतर यादवी युद्धांतील सैनिकांचीं मापें बेंजामिन गुल्ड ह्यांनीं १८६९ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांतही कृष्णवर्णीयांचा आंकडा कमी होता. त्या माणसांचें पूर्वायुष्य, त्यांचें खाणें, राबणें ह्यांचा हिशेब मात्र त्या तक्त्यांत नव्हता.

ही तूट नैसर्गिकच, असें मग गृहीत धरलें गेलें. अमेरिकेंत कृष्णवर्णीयांचें अपेक्षित माप १० ते १५ टक्क्यांनीं आणि आशियाई लोकांचें ४ ते ६ टक्क्यांनीं उतरविण्याची रीत पडली व यंत्रांतच तशी सोय झाली. परिणाम पाहा. आपल्या तीन लिटरवाल्या माणसाचें अपेक्षित माप चार लिटर धरलें, तर त्याची शक्ति ७५ टक्के, म्हणजे पुष्कळ काळ रूढ असलेल्या ८० टक्क्यांच्या रेषेखालीं. तो रोगी ठरला. आतां त्या चारांतून १५ टक्के वजा करा. अपेक्षित माप ३.४ लिटर, आणि तोच माणूस ८८ टक्क्यांवर जाऊन निरोगी! छाती तीच, धापही तीच. १९९९ सालीं बाल्टिमोर येथें अस्बेस्टॉसनें बाधलेल्या कामगारांचे दावे चालले असतां, कृष्णवर्णीयांनीं अधिक बिघाड दाखविला पाहिजे, अशी मागणी एका कंपनीनें ह्याच हिशेबाच्या आधारें केली होती.

तथापि सर्वच फरक थोतांड आहे, असें मी म्हणत नाहीं. सारख्याच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब व धड आखूड असलें, तर त्याच्या छातीचा पिंजरा लहान असावयाचाच. आणि हें प्रमाण लोकालोकांत भिन्न असतें. पण तेवढ्यानें सारी तूट उलगडत नाहीं. आईच्या पोटांतील कुपोषण, लहानपणचा धूर, वारंवारचे छातीचे आजार ह्यांनींही फुफ्फुस खुरटतें. अशा माणसांची सरासरी काढून तिला त्या वंशाचें स्वाभाविक माप म्हणणें हा माझ्या मतें मोठा अन्याय होय. कारण मग इजाच नियम होऊन बसते.

२०१२ सालीं २६ देशांतील ७४ हजारांवर निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसांच्या मापांवरून जागतिक समीकरणें तयार झालीं. त्यांत चार वंशगट होते. भारतीय उपखंडासाठीं स्वतंत्र गट नव्हता, म्हणून आपली वर्णी ‘इतर’ ह्या रकान्यांत लागली. २०२३ सालीं वंशाचा विचार न करणारीं समीकरणें प्रसिद्ध झालीं, व अमेरिकन थोरॅसिक सोसायटीनें तसाच मार्ग स्वीकारण्याची शिफारस केली. ह्यानें सर्व कांहीं सुटलें असें नाहीं. पूर्वीं निरोगी ठरणारा माणूस आतां रोगी ठरल्यास त्याला भरपाई मिळेल, उपचार लवकर होतील. पण अग्निशामक दलाची नोकरी कदाचित् हुकेल, किंवा फुफ्फुसाचा कर्करोगग्रस्त भाग काढावयास शल्यवैद्य कचरेल.

तेव्हां अहवाल हातीं आल्यावर केवळ टक्केवारी पाहूं नये. कोणता तक्ता लावला, हें डॉक्टरांना अवश्य विचारावें. पहिल्या सेकंदांत बाहेर पडलेला श्वास व एकूण श्वास ह्यांचें गुणोत्तर वंशावर फारसें अवलंबून नसतें. श्वासनलिका आवळल्या आहेत काय, हें त्यावरून कळतें. पूर्वींचा अहवाल असल्यास तोही सोबत न्यावा. गेल्या वर्षीं साडेतीन लिटर फुंकणारा माणूस यंदा तीनवर आला असेल, तर कोणत्याही तक्त्यावांचून डॉक्टर पुढील तपासणीस लागूं शकतात.