त्रेसष्टाचे छत्तीस



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता. आज मात्र आपणांस एका उचलून नेलेल्या मोटारीची कथा ऐकावी लागणार आहे. विषय क्षुल्लक आहे, हे मला मान्य आहे. माझी स्वतःची मोटार उचलली जाईपर्यंत माझेही मत तेच होते!

हकीकत थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी एके दिवशी चार वाजता वहिनींना घरून डायलिसिससाठी न्यायचे होते. त्याआधी बाजारातून त्यांची औषधे घ्यावीत म्हणून, पैसे भरून गाडी लावण्याची जी जागा असते, तिथे मी मोटार उभी केली. पावती फाडणारा पोरगा उन्हात उभा होता. ‘नंबर काय, काका?’ मी खिडकीतून सांगितले, ‘शेवटी त्रेसष्ट.’ आता आपली मराठी अंकमोजणी पाहा. आपण एकं आधी उच्चारतो आणि दहं मागून. त्रेसष्टात तीन पुढे येतो, साठ त्याच्या पाठीमागे. पोराने ऐकले तसे लिहिले: ३६. मी ती पावती न वाचताच काचेच्या आत ठेवून दिली. पहिली चूक त्याची, दुसरी माझी; हे आधीच कबूल करून टाकतो.

पाऊण तासाने परत येतो, तो जागा रिकामी! गाड्या उचलणाऱ्यांनी पावतीवरचा क्रमांक पाटीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तो जुळेना. म्हणजे पावती दुसऱ्याची आणि गाडी बिनपैशाची, असा त्यांनी निष्कर्ष काढला. देवनागरीत ६३ लिहिले की दोन्ही अंक समोरासमोर येतात आणि ३६ लिहिले की एकमेकांना पाठ दाखवतात. मी कचेरीत पोचलो तेव्हा त्या कचेरीचा आणि माझा छत्तीसचा आकडा पडलेलाच होता.

खिडकीमागचे गृहस्थ मोठे सभ्य होते. म्हणाले, ‘साहेब, तुमचे म्हणणे खरेही असेल, पण आधी पैसे भरा, मग तक्रार करा.’ साडेतीन वाजले होते. मी पैसे भरले.

आता यात कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे, मनाई असलेल्या जागी उभी केलेली गाडी गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या आदेशाने हलवता येते आणि हलवण्याचा खर्च मालकावर पडतो. हे योग्यच आहे. आगीच्या बंबाची वाट अडवणारी मोटार मालकाची साक्ष होईपर्यंत जागेवरच ठेवावी, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. कृती आधी आणि सुनावणी मागून, हा क्रम काही वेळा टळत नाही. प्रश्न एवढाच, की मागून म्हणजे किती मागून?

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. लॉस एंजेलिस शहरात एका गृहस्थाची मोटार मनाईच्या जागेवरून उचलली गेली. झाडांमुळे मनाईची पाटी दिसलीच नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने १३४ डॉलर ५० सेंट भरून मोटार सोडवली आणि परताव्यासाठी अर्ज केला. सुनावणी झाली २७ दिवसांनी आणि परतावा नाकारला गेला. तेव्हा, सुनावणीस एवढा उशीर हाच अन्याय आहे, म्हणून तो न्यायालयात गेला. खालच्या अपील न्यायालयाने त्याची बाजू घेतली: सुनावणी बहुधा ४८ तासांत, निदान पाच दिवसांत तरी हवी. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तो निकाल फिरवला. वाद केवळ पैशांचा आहे, ३० दिवसांच्या विलंबाने सत्य काही बिघडत नाही आणि शहराच्या अडचणीही पाहिल्या पाहिजेत, असा त्याचा आशय.

मी त्या न्यायमूर्तींहून शहाणा नाही. परंतु ‘केवळ पैशांचा वाद’ हे शब्द वाचले, की मला त्या कचेरीतले साडेतीनचे घड्याळ आठवते. माझ्या खिशात पैसे होते म्हणून वहिनी वेळेवर पोचल्या. ज्या टॅक्सीवाल्याच्या खिशात त्या दिवशी तेवढी रक्कम नसेल, त्याचा वाद पैशांचा राहत नाही, पोटाचा होतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली मनेका गांधी खटल्यात पारपत्राविषयी सांगितले, की जप्तीपूर्वी ऐकून घेता येत नसेल तर जप्तीनंतर तरी तातडीने ऐकून घ्या. पारपत्र कुठे आणि माझी मोटार कुठे! पण ‘तातडीने’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच मोलाचा आहे.

मग नागरिकाने करावे काय? आरडाओरडा करू नये, कागद जपावा. पैसे भरावेच लागले तर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असे लिहून द्यावे. पावती फेकू नये, कारण चुकीची पावती हाच चुकीचा पुरावा. गाडी उचलताना काढलेले छायाचित्र मागावे. आणि लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

आणखी एक सांगतो. वाहनदंडाची प्रकरणे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात. ज्याने चूक केली, त्याने तिथे अवश्य जावे. पण लोकअदालत दोष कोणाचा हे ठरवत नाही. ती तडजोड घडवते. तिच्या निवाड्यावर अपील नाही. तडजोड झाली नाही, तर प्रकरण परत न्यायालयात जाते. निर्दोष माणूस थोडक्यात सुटतो म्हणून तिथे सही करतो, तेव्हा तो सवलतीच्या दरात अपराध विकत घेत असतो.

माझी सुनावणी अकरा आठवड्यांनी झाली. अधिकाऱ्यांनी त्यांच्याच माणसांनी काढलेले छायाचित्र पाहिले. माझ्या काचेआड ती पावती स्पष्ट दिसत होती. अनुक्रमांक स्थळप्रतीशी जुळला, वेळ जुळली. उलटे होते ते फक्त दोन अंक. पैसे परत मिळाले. मी विनंती केली, ‘हे त्या पोराच्या रोजातून कापू नका.’ ते म्हणाले, ‘कापणार नाही. लिहिलेला नंबर गाडीवाल्याला वाचून दाखवत जा, एवढे त्याला सांगतो.’

परवा पुन्हा तिथे गेलो होतो. पोराने पावती लिहिली आणि खिडकीशी वाकून वाचली, ‘सहा, तीन. बरोबर ना, काका?’

या सुधारणेला एक पैसाही खर्च आला नाही. मात्र तिच्यापर्यंत पोचायला एका सुनावणीची गरज लागली, आणि ती सुनावणी अकरा आठवडे आधी झाली असती, तर त्या अवधीत आणखी कोणाचे त्रेसष्टाचे छत्तीस झाले नसते. तक्रार लवकर ऐकणे हा तक्रारदारावर उपकार नव्हे. कचेरीला आपली चूक कळण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आपण माझे म्हणणे तातडीने आणि विनाशुल्क ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.