रोजमेळ आहे, खतावणी कुठे?



धंद्यातली डिजिटल माहिती कशी सांभाळावी, या विषयावरची परिषद बीबीसारख्या गावात भरते याचे कुणाला नवल वाटेल. मला वाटत नाही. एका अंगाला जालन्याची बियाणे बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला मेहकर-सिंदखेडराजा परिसरातून गेलेला समृद्धी महामार्ग आणि आपल्याच तालुक्यात लोणारचे सरोवर. बियाणे असो, वाहतूक असो की पर्यटन, गिऱ्हाईक आता आधी मोबाइलवर चौकशी करते, मग दुकानाची पायरी चढते. त्या चौकशीला आपण काय उत्तर देतो आणि दोन ठिकाणी विचारले तर एकच उत्तर मिळते का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आपल्या आडत दुकानांत दोन वह्या असत. दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा रोजमेळात उतरायचा, आणि मग ज्याचा त्याच्या खात्यावर खतावणीत चढवायचा. आज व्हॉट्सअ‍ॅपवर आपला रोजमेळ अखंड चालू आहे: भावाचा मेसेज, वाणाचा फोटो, कंपनीचे पत्रक, फवारणीचा व्हिडिओ. खतावणी मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून जूनच्या गर्दीत शेतकरी विचारतो, “या वाणाचं एकरी बियाणं किती लागंल?” आणि काउंटरवरचा पोरगा अंगठ्याने जुने मेसेज वर सरकवत बसतो.

याचे उत्तर आपल्याच दुकानात थप्पीला लागलेले आहे. प्रमाणित बियाण्याची बॅग हातात घ्या. निळा टॅग म्हणजे प्रमाणित, पांढरा म्हणजे पायाभूत. रंगावरूनच दर्जा कळतो. टॅग आणि लेबलावर पीक, वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख, वैधतेची मुदत, प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा. सोयाबीनची उगवणशक्ती किमान ७० टक्के हवी. ती तपासायला कुणाला सगळे लेबल वाचावे लागत नाही. आता त्याच वाणाचे रंगीत पोस्टर पाहा. सगळा मजकूर चित्रात गोठलेला. दर बदलला की पोस्टर नवे करा. जुने मात्र गावोगावच्या ग्रुपवर फिरतच राहते.

जगभरच्या कंपन्यांना हीच अडचण आली. मजकूर आणि त्याची सजावट वेगळी ठेवायची, हे तत्त्व धरून १९९८ मध्ये एक्सएमएल हे मानक आले. आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकांसाठी ‘डिटा’ नावाची पद्धत तयार केली आणि २००५ मध्ये ती खुले मानक झाली. सलग पुस्तिका लिहिण्याऐवजी एका प्रश्नाचे उत्तर देणारे छोटे घटक लिहायचे आणि हवे तिथे जोडायचे, हे तिचे सार. आजच्या हेडलेस सीएमएसमागेही तोच विचार आहे: माहिती एका जागी, आणि वेबसाइट, मोबाइल अ‍ॅप, छापील पत्रक सगळे तिथूनच घेणार. आपल्याला मात्र महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. नीट आखलेली एक एक्सेल शीट सुरुवातीला पुरते.

मराठीत काम करणाऱ्यांची आणखी एक डोकेदुखी आहे. जुन्या दरपत्रकांचे टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये झालेले. फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की अक्षरांचा चिवडा, आणि सर्चमध्ये ‘सोयाबीन’ टाकले तर काहीच सापडत नाही. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहायचा, हा नियम आजपासून करा. नावेही ठरवून घ्या. कुठे बुलढाणा, कुठे बुलडाणा. यंत्राच्या लेखी ते दोन जिल्हे होतात.

लोणारच्या हॉटेलचालक आणि गाइड मित्रांसाठी एक उदाहरण देतो. सरोवराचे वय आधीच्या अभ्यासांत सुमारे ५२ हजार वर्षे सांगितले जाई. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दाखवले. दोन्ही आकडे आजही फिरतात. पर्यटक गोंधळतो आणि चूक मात्र सांगणाऱ्याच्या माथी बसते. आकड्यासोबत त्याचा आधार आणि तारीख लिहिलेली असेल, तर कोणता नवा आणि कोणता जुना हे कुणालाही कळेल.

हे आताच करायचे, कारण गिऱ्हाईक पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारणार आहे. आपलेच तीन वेगवेगळे दर इंटरनेटवर पडलेले असतील, तर ती त्यातला कोणताही एक उचलून ठामपणे सांगेल. शिवाय, शेतकऱ्याच्या आधार कार्डाचा फोटो किंवा बँक पासबुक ही त्याची खासगी माहिती आहे. ती ग्रुपवर टाकण्याची सवय सोडा. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

मित्रहो, तरुण पिढीच्या हातात साधने भरपूर आहेत. उणीव आहे ती जुन्या मुनीमजींच्या शिस्तीची. येत्या खरिपाआधी प्रत्येकाने आपल्या सर्वाधिक खपाच्या वस्तूंची एकच यादी करावी. प्रत्येक ओळीला एक जबाबदार माणूस, माहितीचा आधार, शेवटची तपासणी आणि बाद होण्याची तारीख असावी. पोस्टर, मेसेज, बोर्ड, जे काही बाहेर जाईल ते त्याच यादीतून जावे. मुदत संपलेले बियाणे आपण विकत नाही. मुदत संपलेली माहितीही देऊ नका, एवढी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.