तलावाकाठचं वन विहार

भोपाळच्या मोठ्या तलावाला लागूनच वन विहार राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर, पण 1983पासून त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आहे. चितळ, सांबर आणि नीलगाय इथे मोकळे हिंडतात. वाघ, सिंह, अस्वलं मात्र कुंपण घातलेल्या ऐसपैस आवारांत असतात. त्यांतले बरेचसे प्राणी अनाथ झालेले, जखमी किंवा सर्कशीतून सोडवलेले. जंगलातून धडधाकट प्राणी धरून आणायचा आणि पिंजऱ्यात ठेवायचा, असा इथला रिवाज नाही.

शेजारचा तलाव अकराव्या शतकातल्या राजा भोजाच्या नावाशी जोडलेला. मोठा आणि छोटा तलाव मिळून झालेल्या ‘भोज पाणथळी’ला 2002 साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. शहरातल्या अनेक घरांत आजही मोठ्या तलावाचं पाणी येतं. हिवाळ्यात इथे पाहुण्या पक्ष्यांची वर्दळ असते.

भोपाळजवळच केरवा इथे गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. वन विभागाच्या जोडीला तिथे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेली गुरं खाणारी देशभरातली गिधाडं झपाट्याने घटली होती. 2006 साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली.

वन विहार पाहायचं तर सकाळी लवकर जा, सायकल घ्या, आणि प्राण्यांना खायला मात्र काही घालू नका.