तुंबडी : आजोबांची आणि आजची

(संत सेना महाराज पुण्यतिथीच्या मेळाव्यात वाशी येथे केलेले भाषण)



गतवर्षी याच दिवशी येथे उभे राहून आम्ही आमच्या आजोबांच्या तुंबडीचे गुणगान केले होते. आपण टाळ्या वाजविल्या, आम्हांसही बरे वाटले. या वर्षी पुन्हा त्याच विषयावर बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली आहे. कारण असे, की त्या दिवशी आम्ही अर्धेच सांगितले, आणि उरलेले अर्धे न सांगितल्याचे फळ आमच्याच घरात आले.

तुंबडी पाहिलेली माणसे आता थोडी उरली. तरुण मंडळींकरिता प्रथम तेवढे सांगतो. आजोबांच्या धोकटीत वस्तरा, नराणी, कात्री, चामोटी, वाटी आणि आरसा यांच्या जोडीस गाईचे एक पोकळ शिंग असे. त्याचे रुंद तोंड घासून गुळगुळीत केलेले, आणि टोकास बारीक छिद्र. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत एखाद्याच्या कंबरेत उसण भरली, की तो आमच्या ओसरीवर येऊन पालथा पडे. आजोबा दुखऱ्या जागी शिंग टेकवीत, टोकाकडून तोंडाने हवा ओढून घेत आणि जिभेनेच मेणाची गोळी सरकवून छिद्र बंद करीत. शिंग अंगास घट्ट चिकटून राही. ते काढले म्हणजे खाली पुरीसारखी फुगलेली लालजांभळी कातडी दिसे. ही झाली कोरडी तुंबडी. रक्त काढावयाचे असल्यास त्या जागी वस्तऱ्याच्या टोकाने बारीक फासण्या मारीत आणि शिंग पुन्हा लावीत. आत काळपट, गोठलेले रक्त जमे. भोवतालची मंडळी म्हणत, "पाहा, किती नासके रक्त निघाले!" आजोबा त्यावर काही बोलत नसत. या कामाचा वेगळा मोबदला नव्हता. सुगीत खळ्यावर मिळे तेच बलुते.

ही विद्या केवळ आपल्याच घरची नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेराव्या अध्यायात ती विस्ताराने आली आहे. रक्त वाताने दूषित झाले असल्यास गाईचे शिंग, पित्ताने झाले असल्यास जळू आणि कफाने झाले असल्यास भोपळा, असा विभाग सुश्रुताने केला आहे. भोपळ्यात जळता दिवा ठेवून तो अंगास लावीत. तुंबी म्हणजे तो कडू भोपळा. तुंबडी हे नाव त्यावरूनच पडले आणि पुढे शिंगासही चिकटले. वैदू समाजातील फिरस्ते जाणकारही तुंबडी लावीत असत. आपला हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेस युनानी वैद्यकास राजाश्रय होता; चारमिनारच्या शेजारी त्याचे मोठे रुग्णालय उभे राहिले. हकीम लोक या उपचारास 'हिजामा' म्हणतात. अरबी भाषेत हिजामा करणारा तो 'हज्जाम'. शाळेत असताना ज्या शब्दाने पोरे आम्हांस चिडवीत, त्या 'हजाम' शब्दाचा मूळ अर्थ 'तुंबडी लावून रोग्यास आराम देणारा' असा आहे! विलायतेतही न्हावी आणि शस्त्रवैद्य १५४० पासून १७४५ पर्यंत एकाच संघात होते, आणि फ्रान्समध्ये राजाचा शस्त्रवैद्य झालेला आंब्रवाझ पारे हा प्रथम न्हाव्याच्या हाताखालीच शिकला. गतवर्षी आपण टाळ्या वाजविल्या त्या याच मजकुरावर. त्यात खोटे काही नव्हते.

आता दुसरे अर्धे.

आमचे धाकटे बंधू तालुक्याच्या गावी केशकर्तनालय चालवितात. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे. भाषणानंतर दोन महिन्यांनी शेजारच्या एका गावात 'कपिंग'चे शिबिर भरले. शिबिर घेणारा मनुष्य वैद्य नव्हता, हकीम नव्हता आणि डॉक्टर तर नव्हताच. त्याने बंधूंच्या पाठीवर पंपाने हवा ओढून प्लॅस्टिकचे पेले लावले, फासण्या मारल्या, आणि रक्तातील साखर याच वाटेने बाहेर पडते, तेव्हा गोळ्या बंद करा, असे सांगितले. पैसे अर्थातच आगाऊ घेतले. तुंबडी भरणे म्हणतात ते हेच असावे. अकराव्या दिवशी ताप चढला. जखमांत पू झाला होता. सोलापूरला नेले तेव्हा साखर चारशेच्या वर गेली होती. सतरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. आम्ही उशाशी बसलो असता बंधू म्हणाले, "अण्णा, तुम्हीच की भाषणात सांगितलंत, आजोबांनी असंच सारं गाव बरं केलं म्हणून."

आम्ही छत्तीस वर्षे शिक्षकी केली. मुलांनी अर्धे उत्तर लिहिले की अर्धे गुण कापीत आलो. त्या दिवशी आमचे गुण कापले गेले.

आजोबा तुंबडी लावीत, तसेच ते नाकारीतही असत, हे आम्ही सांगितले नव्हते. गर्भिणीस, लहान मुलास, कावीळ झालेल्यास, मुरलेल्या तापास त्यांनी कधी शिंग लावले नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आधीची एक गोष्ट आम्हांस पक्की आठवते. मानेवर मोठे गळू झालेल्या एका शेतकऱ्यास चौघांनी धरून ओसरीवर आणले होते. आजोबांनी गळू पाहिले आणि एवढेच विचारले, "लघवीला मुंग्या लागतात का?" घरच्यांनी होय म्हणताच त्यांनी शिंग धोकटीत टाकले. "हे माझं काम नव्हं. गाडी जुंपा अन् येरमाळ्यावरून बार्शी गाठा." मंडळी रागावली, नाही नाही ते बोलली, पण गाडी गेली आणि तो माणूस वाचला. ज्या रोग्यास आजोबांनी वस्तरा लाविला नाही, नेमका तोच रोग आमच्या बंधूंस होता.

आणखी एक गोष्ट नातू या नात्याने सांगणे जड जाते, तरी सांगतो. आजोबांचा वस्तरा उकळलेला नसे. निंबाच्या पाण्यात बुडवून धोतराच्या सोग्यास पुसला, की झाले. कुणाच्या जखमा चिघळल्या, कुणास त्यातून दुसरा रोग जडला, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. ज्यास गुण आला तो ओसरीवर येऊन सांगे. ज्यास आला नाही तो दुसरीकडे जाई. शिवाय उसण ही पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत आपोआपच उतरते. यश शिंगाच्या पदरात पडे.

आता 'नासक्या रक्ता'विषयी. ताटलीत पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती लावावी आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालावा, हा प्रयोग आम्ही प्रत्येक वर्गास करून दाखवीत असू. ज्योत विझते, आतील तापलेली हवा निवून आकसते, आतला दाब घटतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्यास पेल्यात वर ढकलतो. भोपळ्यातील दिव्याचे तत्त्व हेच. शिंगात तोंडाने ओढतात व पंपाने प्लॅस्टिकच्या पेल्यात ओढतात, एवढाच भेद. पाणी गढूळ असो वा निर्मळ, पेल्यात सारखेच चढते. चांगले रक्त मागे ठेवून वाईट तेवढे निवडून घेण्याचे ज्ञान शिंगास नाही आणि पेल्यासही नाही. रक्त काळे दिसते ते गोठल्यामुळे. अंगावर उठणारे गोल डाग म्हणजे कातडीखालील बारीक रक्तवाहिन्या फुटल्याची खूण. ती आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावर हेच डाग साऱ्या जगाने पाहिले. त्याने तेथे पाच सुवर्णपदके मिळविली ती पाण्यात घालविलेल्या वर्षांच्या बळावर. आमच्या पोरांच्या डोळ्यांत मात्र डागच भरले.

मग यात काहीच गुण नाही काय? तसेही नाही. मान व पाठदुखीत काही जणांना थोड्या दिवसांपुरता आराम पडतो, असे अलीकडच्या परीक्षणांत आढळले आहे. परंतु ते पुरावे कच्चे आहेत. खोट्या गोळीशी खऱ्या गोळीची तुलना करता येते. खोटी तुंबडी लावली तर रोग्यास ती लगेच कळते! मधुमेह, रक्तदाब, कावीळ, कर्करोग यांवर मात्र हा उपाय नव्हे. मधुमेह व रक्तदाब बरा करण्याच्या जाहिरातींस तर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे.

आपल्या काही तरुण सभासदांनी असा ठराव आणला आहे, की मंडळाने केशकर्तनालयांतून कपिंग सुरू करण्यासाठी वर्ग चालवावा. त्यांची धडपड आम्हांस कळते. नुसत्या दाढी-कटिंगवर आता प्रपंच भागत नाही, आणि शहरातील लोक आपल्याच आजोबांच्या विद्येवर पैसे मिळवितात, हे पाहून जीव जळतो. तरीही या ठरावास आमचा विरोध आहे. नोंदणी नसताना वैद्यकी करणे हा महाराष्ट्रात १९६१ च्या अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. फासण्यांच्या पात्यावरून ब यकृतदाह आणि एड्स यांचे विषाणू एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारा गिऱ्हाईक खुर्चीत बसला आहे, हे आपणांस कळणार कसे? तो सांगणार नाही, आणि आपण विचारणार नाही. ज्यांना या विद्येची खरी ओढ असेल त्यांनी आपल्या मुलामुलींस आयुर्वेदाच्या अथवा युनानीच्या पदवीस घालावे. मंडळाचा शिष्यवृत्ती निधी त्यासाठी वापरावा, अशी उपसूचना आम्ही लेखी दिली आहे आणि त्यात आमचे एका महिन्याचे निवृत्तिवेतन घातले आहे. दुकानात मालिश खुशाल करावी. ती आपली जुनी कला आहे. मात्र गिऱ्हाइकाची मान कडकन मोडण्याची खोड सोडावी. पाते दर गिऱ्हाइकास नवे घ्यावे, हे येथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण करतातच. जे करीत नाहीत त्यांना आम्ही ओळखतो.

बंधू आज सभेस आले आहेत. गोळ्या चालू आहेत, दुकानही चालू आहे. हे सारे नाव न घेता सांगा, असे आम्ही त्यांना विचारले असता, "नाव घेतलंत तरी चालेल," असे ते म्हणाले. आम्ही घेतले नाही.

आजोबांचे शिंग बाहेर मेजावर ठेवले आहे. लहान मुलांनी हाताळून पाहण्यास हरकत नाही. तोंडास मात्र लावू नये.