देऊळ फिरले, माणसे फिरली का?



औंढा नागनाथाची कथा आपण सर्वजणी जाणतो. नामदेवांना देवळातून उठविले. ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरले हे खरे धरू. पण उठविणारी माणसे फिरली का, हे कोणी विचारीत नाही.

आपल्या नर्सीचे म्हणून ज्यांचा आपल्याला अभिमान, ते नामदेव पुढे दीर्घकाळ पंजाबात राहिले. घुमान गावी त्यांचे स्थान आहे. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि देवळातून उठविल्याची हकिगतही त्यांत आहे. आपल्याकडचा अपमान परप्रांताने असा जपून ठेवला!

दूरच्या अमेरिकेतही असेच घडले. रिचर्ड राइट हा नामवंत कृष्णवर्णीय लेखक. पण स्वदेशात साधे घर घेतानाही त्याचा रंग आड येई. १९४७ साली तो कुटुंबासह पॅरिसला स्थायिक झाला व १९६० साली तेथेच वारला. जेम्स बाल्डविन १९४८ साली, चोविसाव्या वर्षी, जवळ अवघे चाळीस डॉलर घेऊन पॅरिसला गेला. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील आयुष्यावरची कादंबरी त्याने स्वित्झर्लंडच्या डोंगरातील एका खेड्यात पुरी केली; ती १९५३ साली निघाली. पॅरिस म्हणजे काही स्वर्ग नव्हता. तेथे अल्जीरियाच्या लोकांना मिळणारी वागणूक बाल्डविन पाहत होता. १९५७ साली तो मायदेशी परतला आणि समान हक्कांच्या चळवळीत उतरला.

भगिनींनो, पुरुषाला निदान वाट तरी धरता येते. नामदेवांच्या घरची जनाबाई कोठे जाणार होती? गंगाखेडची ही पोर दळता-कांडता अभंग रचीत राहिली. तिचे शब्द टिकले, कारण संतमेळ्यात तिला ऐकून घेणारे होते.

आपल्यातही एखादी सून, एखादी लेक वही लिहून ट्रंकेच्या तळाशी ठेवीत असेल. तिला मन मोकळे करण्यासाठी गाव सोडावे लागू नये. आपण मात्र हळदीकुंकवाला विधवा बहिणीला बोलावीत नाही, दुसऱ्या आळीतल्या बाईची जात आधी विचारतो. हे उठविणेच नव्हे काय? मंडळाच्या बैठकीत तिला पुढे बसवा, वाचायला सांगा. परगावाने मान दिल्यावर मग आपण हार घालायचा, ही रीत निदान आपल्या मंडळात तरी मोडू या.