आजारी माणूस आणि त्याचे घर

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शाळेच्या आनंदसोहळ्यात मानसिक आजाराचा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील मुले आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी आईवडिलांचे, कोणी जोडीदाराचे, कोणी तरुण मुलाचे मानसिक आजारपण निभावत असणार. मधुमेहाविषयी आपण पंगतीतही बोलतो. याविषयी मात्र दार लावून घेतो.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. मग हे रुग्ण होते कोठे? बहुतेक आपापल्या घरीच. आपल्या देशातील सर्वांत मोठे मनोरुग्णालय म्हणजे कुटुंब. मात्र तेथे काम करणाऱ्यांना ना प्रशिक्षण, ना सुटी, ना विचारपूस.

कुटुंबाला हाताशी धरले तर काय घडते, हे अमृतसरने दाखवले आहे. १९५० च्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णांसोबत राहण्यास बोलावले. कर्मचारी अपुरे होते, ही अडचण होतीच. पण तिच्यातून मोठी गोष्ट साधली. घरच्यांना आजार समजला, भीती ओसरली आणि रुग्णाची घरी परतण्याची वाट मोकळी झाली. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही नातेवाइकाने रुग्णासोबत राहण्याची पद्धत रुजवली.

याची दुसरी बाजू तमिळनाडूतील एरवाडीला दिसली. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथील एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यांना तेथे ठेवणाऱ्या आप्तांना निर्दय ठरवणे सोपे आहे. परंतु जवळ डॉक्टर नाही, औषध परवडत नाही आणि रात्री आवरायला दुसरे कोणी नाही, अशा घराने काय करावे, याचे उत्तर सार्वजनिक व्यवस्थेने द्यायला हवे होते.

ते उत्तर आता कायद्यात आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा त्यात प्रत्येकाचा हक्क मानला आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. एवढेच नव्हे, तर रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आणि घरच्या घरी पुनर्वसन यांची तरतूद करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. या कलमाविषयी आपण फारसे विचारत नाही, म्हणून ते कागदावर राहते. जिल्हा रुग्णालयात औषधे खंड न पडता मिळतात का? नातेवाइकांशी स्वतंत्रपणे बोलायला कोणी नेमलेले आहे का? हे प्रश्न नागरिकांनीच विचारायचे आहेत.

परप्रांतातील मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते. आजी म्हणते, "मन थाऱ्यावर नाही," "जीव नुसता उडून जातो." हे दुसऱ्या भाषेत सांगताना उरते ती फक्त छातीतली धडधड. दुभाषा म्हणून नातू बसलेला असेल, तर निम्मे आजी बोलतच नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. भाषांमध्ये मराठीही आहे. हा क्रमांक घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा.

आणि एक विनंती शाळेला. महिन्यातून एका संध्याकाळी एक वर्ग अशा कुटुंबांसाठी उघडा ठेवावा. भाषण नको, ठराव नको. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी एकमेकांशी आपल्या भाषेत बोलावे. औषध कोठे मिळते, दाखला कसा काढायचा, रात्र कशी काढायची, हे सांगावे. साठ वर्षे या वर्गांनी मुलांना बोलायला शिकवले. आता गप्प बसलेल्या मोठ्यांची पाळी आहे.