हजारातले पन्नास

(१९८८ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी आपापल्या कामाविषयी बोलायला सांगितलंय. सकाळी चहाच्या वेळी एकाने मला विचारलं, "तू मायनिंगमध्ये आहेस म्हणे, मग चंद्रपूरला असतेस का?" म्हणून आधी खुलासा करते. मी कोळशाच्या खाणीत नाही. एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते आणि माझं संशोधन डेटा मायनिंगमधलं आहे. मराठीत त्याला विदा-खनन म्हणतात. नोंदींचे ढीग उपसायचे आणि त्यातून उपयोगी पडेल असं काही हाती लागतं का ते बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

मी जून १९९५ मध्ये लेक्चरर म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, पण आमच्या कॉलेजपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. लॅबमध्ये चप्पल बाहेर काढून जायचं. एसी होता, पण तो मुलांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. एका मशीनवर तिघं बसायची. एक टाइप करायचा आणि दोघं चुका काढायचे. लाइट गेली की मी खडू घ्यायचे आणि प्रोग्रॅम फळ्यावर "चालवायचे". प्रत्येक ओळीनंतर कोणत्या चलाची किंमत काय झाली, ते मुलांनी वहीत मांडायचं. मुलं कंटाळायची, पण त्या वह्यांमुळे त्यांना प्रोग्रॅमिंग आलं असं माझं आजही मत आहे. ही पद्धत मी कुठल्या पुस्तकातून घेतलेली नाही. "उत्तर बरोबर आहे, पायऱ्या कुठे आहेत?" असं म्हणून पूर्ण मार्क न देणारे सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत.

आता खाणकामाविषयी. आपल्यातल्या एकाचं किराणा दुकान आहे, म्हणून त्याच्याच दुकानाचं उदाहरण घेते. आकडे माझे आहेत, त्याने घाबरू नये. समजा, १०० बिलं आहेत. त्यातल्या ४० बिलांत पोहे आहेत आणि त्या ४० पैकी ३० बिलांत शेंगदाणेही आहेत. म्हणजे पोहे घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक शेंगदाणे घेतात. ऐकायला छान वाटतं. लगेच पोह्यांशेजारी शेंगदाणे मांडावेत, असं कोणीही म्हणेल. पण थांबा. सगळ्या १०० बिलांपैकी ८० बिलांत शेंगदाणे असतील तर? मग एरवी ८० टक्के लोक शेंगदाणे घेतात आणि पोहे घेणारे ७५ टक्केच घेतात, म्हणजे उलट थोडे कमीच. आकडा खराच होता, पण त्यातून काढलेला अर्थ खोटा ठरला. पहिल्याच तासाला मी मुलांना हे उदाहरण देते.

दुकानात १००० प्रकारच्या वस्तू असतील, तर दोन-दोनच्या जोड्याच ४,९९,५०० होतात आणि तीन-तीनचे गट १६ कोटींच्या वर जातात. सगळे मोजत बसलं तर संगणकही दमेल. १९९४ मध्ये राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत या दोघांनी यासाठी एक पद्धत मांडली. तिचं नाव अप्रायोरी. तिच्यामागचा विचार आपल्या आजीलाही पटला असता: जी वस्तूच क्वचित खपते, तिची कुठलीही जोडी जास्त वेळा कशी खपेल? तेव्हा क्वचित खपणाऱ्या वस्तू आधीच बाजूला काढा. नेहमी खपणाऱ्या वस्तू १०० उरल्या, तर ४,९५० जोड्यांतच काम भागतं. मी एम.एस्सी. होत होते तेव्हा हे नवं कोरं संशोधन होतं. आज ते पदवीच्या अभ्यासक्रमात आहे.

दुकानदाराला हे चालतं, कारण क्वचित खपणारी वस्तू बाजूला काढली तर त्याचं फारसं बिघडत नाही. पण नोंदी वस्तूंच्या नसून माणसांच्या असतील तर काय करायचं? माझी पीएच.डी. या प्रश्नाभोवती झाली.

विषय होता कॉलेज मध्येच सोडणाऱ्या मुलांचा. हजेरी, चाचण्यांचे गुण, प्रॅक्टिकलच्या नोंदी यांवरून कोण सोडून जाण्याच्या बेतात आहे ते आधी कळेल का, हे पाहायचं होतं. यात एक गंमत आहे, आणि ती गंमत फार गंभीर आहे. समजा, १००० मुलं आहेत आणि त्यातली ५० शिक्षण सोडणार आहेत. मी एक प्रोग्रॅम लिहिला, जो प्रत्येकाच्या नावापुढे डोळे मिटून "सोडणार नाही" असं लिहितो. हजारांपैकी ९५० वेळा तो बरोबर येईल. अचूकता ९५ टक्के! बोर्डात एवढे मार्क पडले असते तर आपल्या आईवडिलांनी गावभर पेढे वाटले असते. पण ज्या ५० जणांसाठी हा सगळा खटाटोप, त्यातला एकही त्याला सापडलेला नसतो.

संशोधनात याला असमतोल वर्गांचा प्रश्न म्हणतात. त्यावर अनेकांनी उपाय शोधले. २००२ मध्ये नितेश चावला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मोट नावाची पद्धत मांडली. थोड्या संख्येच्या गटातल्या नोंदींसारख्याच काही कृत्रिम नोंदी तयार करून तिथे भर घालायची, म्हणजे शिकणाऱ्या प्रोग्रॅमचं त्या गटाकडे लक्ष जातं. मी ते वापरलं. शिवाय निर्णयवृक्ष वापरले, म्हणजे "हो की नाही" असे प्रश्न विचारत उत्तरापर्यंत पोचणारी रचना. निर्णयवृक्ष मला आवडतात, कारण त्यात पायऱ्या दिसतात. सर, तुमचाच परिणाम!

आमच्या नोंदींवर काढलेल्या वृक्षात एक फांदी वारंवार यायची: दुपारची प्रॅक्टिकल बॅच आणि घर लांबच्या गावात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मूल गळण्याचा धोका वाढत होता. गुण कमी नव्हते, आकलनही कमी नव्हतं. संगणक एवढं सांगून थांबला. पुढचं विचारायला मी त्या बॅचमध्ये जाऊन बसले. एका मुलीने अगदी सहज सांगितलं, "मॅडम, प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि आमच्या गावाची शेवटची एसटी पाचला जाते." मग ती कधी अर्ध्यातून उठायची, कधी यायचीच नाही. हजेरी घसरली की टर्म धोक्यात, टर्म धोक्यात आली की घरचे म्हणायचे, आता पुरे झालं शिक्षण. माझ्या कुठल्याही तक्त्यात एसटीच्या वेळेचा रकाना नव्हता.

आता जे सांगते ते कोणावर टीका म्हणून नाही. हे निष्कर्ष एका बैठकीत मांडले तेव्हा सूचना आली, "मॅडम, नावांची यादीच द्या. अशा मुलांना प्रवेशाच्या वेळीच बाजूला काढलं तर आपला निकाल सुधारेल." सूचना करणारा माणूस वाईट नव्हता. निकालाची टक्केवारी वर्तमानपत्रात छापून येते, तिचं दडपण असतंच. पण पोहे-शेंगदाण्यांना लावायचा नियम तो मुलांना लावत होता: जे थोडे आहेत ते आधीच गाळा. ज्या यादीने आधार द्यायचा, तीच यादी दार बंद करायला वापरली जाणार होती. मी नावं दिली नाहीत. सांगितलं, "यादी मुलांची काढू नका, अडचणींची काढा. माझ्याकडे एक अडचण तयार आहे, वेळापत्रक." बरीच वादावादी झाली. माझ्या नोकरीचं काय होईल, अशी धाकधूक घरी आठवडाभर होती. शेवटी लांबच्या गावांतल्या मुलांना सकाळची बॅच द्यायचं ठरलं. त्याला एक रुपयाही खर्च आला नाही.

ती मुलगी बी.एस्सी. झाली. सगळेच प्रश्न असे सुटले नाहीत. काही मुलं तरीही गेली: कोणाचं लग्न ठरलं, कोणाचे वडील आजारी पडले, कोणाला शेतावर थांबावं लागलं. त्यांचेही रकाने माझ्याकडे नव्हते. पण आता मी विद्यार्थ्यांना संशोधनाचा विषय देते तेव्हा एक अट घालते. अचूकतेचा आकडा सांगितलास, आता जे निसटले त्यांच्याविषयी एक पान लिही. ते पान लिहिणं सगळ्यात जड जातं, आणि मी आधी तेच वाचते.

मित्रांनो, आपण शाळेला संगणक द्यायचं ठरवतोय. जरूर देऊ, बसवायला मी स्वतः येईन. पण त्याबरोबर आणखी एक काम करावं असं मला वाटतं. आठवीत पटावर असलेलं प्रत्येक मूल दहावीच्या परीक्षेला बसतं का, हे दरवर्षी बघायचं. जे बसणार नाही, त्याच्या घरी आपल्यातल्या कोणीतरी जायचं. आपल्यात एसटीतला कंडक्टर आहे, दवाखाना चालवणारी डॉक्टर आहे, सरपंच झालेला आहे, दुकानदार तर आहेच. कोणाच्या अडचणीला कोण उपयोगी पडेल ते आपल्याला माहीत आहे. यासाठी शंभर पानी वही पुरते. ती वही सांभाळायची जबाबदारी मी घेते, घरी जायला मात्र तुम्ही हवेत.

आपल्या बॅचचे दहावीला बसायच्या आधीच निघून गेलेलेही काही जण होते. आजच्या यादीत त्यांची नावं नाहीत, कारण यादी दहावीच्या निकालावरून केली. पुढच्या मेळाव्याची यादी आठवीच्या पटावरून करा, एवढी संयोजकांना विनंती करते आणि थांबते.